आठ आणे बाँड

जेम्स बाँड अ‍ॅमेझॉनने विकत घेतला, असं २० फेब्रुवारी २०२५ च्या रात्रीपासून जो तो म्हणत होता. आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही तेच. एरवी तिथे बऱ्हाणपूरचे केळीचे भाव, कुणाच्या तरी मुलीच्या लग्नाची पत्रिका आणि सकाळचे गुलाबाचे फोटो यापलीकडे काही येत नाही. त्या रात्री मात्र एकाने लिहिलं, ‘भो, आपला बाँड गेला.’ आपला तो कधी होता, हे कुणी विचारलं नाही. खाली रडक्या चेहऱ्यांची रांग लागली.

मला तो व्यवहारच चुकीचा सांगितला जातोय असं वाटत होतं. अ‍ॅमेझॉनने एमजीएम ही हॉलिवुडची जुनी कंपनी ८४५ कोटी डॉलरला घेतली ती मार्च २०२२ मध्ये. चार हजारांहून जास्त सिनेमे त्या पोतडीत आले आणि त्यात बाँडपटांमधला एमजीएमचा हिस्साही आला. म्हणजे पैसे देऊन झाले होते, खरेदीखत झालं होतं. तरी त्यानंतर जवळजवळ तीन वर्षं अ‍ॅमेझॉनला एकही बाँडपट सुरू करता आला नाही. जगातल्या सगळ्यात श्रीमंत कंपन्यांपैकी एक, आणि तिला आपण विकत घेतलेल्या वस्तूला हात लावता येत नव्हता. आमच्या रावेर-यावलकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला याचं आश्चर्य वाटणार नाही. हिस्सा घेतला म्हणजे पाणी मिळालं असं नसतं.

ही गोष्ट मुळापासून सांगायला हवी, कारण ती अगदी भाऊबंदकीच्या वळणाने गेलेली आहे.

१९६१ मध्ये हॅरी सॉल्ट्झमन नावाच्या कॅनेडियन निर्मात्याकडे इयान फ्लेमिंगच्या बाँड कादंबऱ्यांचे हक्क होते, पण सिनेमा काढायला पैसा नव्हता. अल्बर्ट ब्रोकोली या अमेरिकन निर्मात्याला (सगळे त्याला कबी म्हणत) बाँड हवा होता, पण हक्क दुसऱ्याकडे. दोघांनी भागी केली, निम्मे-निम्मे. हक्क ठेवायला जी कंपनी काढली तिचं नाव डॅन्जॅक. डॅना आणि जॅकलिन या दोघांच्या बायका, त्यांच्या नावांचे तुकडे जोडून ते केलेलं. आपल्याकडे दोन भागीदारांनी मिळून काढलेल्या जिनिंगला दोघांच्या आयांचं नाव द्यावं तसं. पैसा युनायटेड आर्टिस्ट्सने घातला. पहिला सिनेमा साधारण दहा लाख डॉलरमध्ये झाला आणि ऑक्टोबर १९६२ मध्ये लंडनला लागला. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे.

सॉल्ट्झमनला मात्र एका धंद्यावर समाधान नव्हतं. त्याने इतर कंपन्यांत पैसा गुंतवला आणि तो कर्जात अडकला. १९७५ मध्ये त्याने आपला निम्मा हिस्सा युनायटेड आर्टिस्ट्सला विकून टाकला. भागीदाराला नाही, भागीदाराच्या सावकाराला. १९८१ मध्ये युनायटेड आर्टिस्ट्सच एमजीएमने गिळली. पुढे हिश्श्यांच्या रचनेत बरेच फेरफार झाले, एमजीएमही या हातातून त्या हातात गेली, २०१० मध्ये तिचं दिवाळं निघालं; पण मुख्य घडी तीच राहिली. सिनेमांच्या मालकीत एमजीएमचा वाटा, आणि सिनेमा कधी निघेल, कोण लिहील, बाँड कोण होईल हे ठरवणं ब्रोकोलींकडे. कबी १९९६ मध्ये गेला. त्याआधीच त्याची मुलगी बार्बरा आणि बायकोचा पहिल्या लग्नाचा मुलगा मायकेल विल्सन यांनी कारभार हातात घेतला होता.

आमच्या मळ्यातली विहीर अशीच आहे. आजोबांनी खणलेली, वाटणी झाली तेव्हा दोघा भावांत सामायिक राहिलेली. सातबाऱ्यावर इतर हक्कांत नोंद आहे: विहिरीत आठ आणे हिस्सा. विहिरीच्या दोन बाजूंना दोन मोटरी, दोन स्टार्टरच्या पेट्या, आणि पाण्याची पाळी ठरलेली. चार दिवस आप्पांचे, चार दिवस काकांचे. लाईट रात्रीची असली की ज्याची पाळी त्याने बॅटरी घेऊन मळ्यात जायचं. काकांचा हात सैल. ट्रॅक्टर घेतला, भाड्याने लावला, बुडाला. शेवटी त्यांनी त्यांचं रान आणि विहिरीतले आठ आणे तालुक्याच्या एका आडत्याला दिले. आप्पांना खरेदीच्या आदल्या दिवशी कळलं.

तो आडत्या माणूस वाईट नव्हता. उलट पैसेवाला आणि हौशी. विहीर अजून खोल करू, आडवे बोअर मारू, नवीन मोटर टाकू, सगळा खर्च माझा, फक्त पाळी मी लावीन, असं तो ओट्यावर बसून चहा पिता पिता म्हणाला. आप्पा ‘बघू’ म्हणाले. तो गेल्यावर आईला म्हणाले, ‘पैसा त्याच्याजोय हाये, पायी आपल्याजोय हाये. पायी दिली का मंग काय राहिलं?’ पायी म्हणजे पाळी. त्यानंतर दरवर्षी उन्हाळ्यात तो यायचा आणि आप्पा दरवर्षी बघू म्हणायचे. त्या ओढाताणीत विहिरीचा गाळ काढायचा राहून गेला. एकट्याने खर्च करायची आप्पांची ऐपत नव्हती, आणि पाळी मिळाल्याशिवाय खर्च करायची त्याची तयारी नव्हती. मे महिन्यात दोन्हीकडची केळी माना टाकायची. एका साली तर आमची नवती, म्हणजे नवी लागवड, आणि त्याचा पिलबाग, म्हणजे जुन्या खोडाच्या पिलांवरची केळी, दोन्ही एकाच आठवड्यात करपले.

अ‍ॅमेझॉन आणि ब्रोकोलींचं याहून वेगळं काही झालं नाही. शेवटचा बाँडपट २०२१ च्या सप्टेंबरअखेरीस लागला आणि त्यानंतर सगळं ठप्प. अ‍ॅमेझॉनला मालिका हव्यात, उपकथा हव्यात, प्राइमवर दर महिन्याला काहीतरी वाढायला हवं. २०२३ मध्ये बाँडच्या नावाने एक पैसे जिंकायचा गेम शो आलाही. बार्बराबाईंचं म्हणणं, की बाँड ही मोठ्या पडद्यावर थांबून थांबून येणारी गोष्ट आहे. डिसेंबर २०२४ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने दोन्ही घरांतलं हे वितुष्ट चव्हाट्यावर आणलं. आणि दोन-अडीच महिन्यांत सही झाली. तिघांची मिळून एक नवी कंपनी. अ‍ॅमेझॉन एमजीएम, बार्बरा आणि विल्सन तिघंही तिचे सहमालक. पण यापुढे सिनेमाचं काय करायचं हे ठरवणार अ‍ॅमेझॉन. त्याच दिवशी जेफ बेझोसने एक्सवर जगाला विचारून टाकलं, की पुढचा बाँड कोण हवा. साठ वर्षं जी गोष्ट एका घराच्या जेवणाच्या टेबलावर ठरत होती ती पहिल्याच दिवशी चौकात आली.

तेव्हा त्या दिवशी जो सौदा झाला तो नाही म्हणण्याच्या हक्काचा. बाकी सगळं आधीच गेलेलं होतं.

हा हक्क बिनकामाचा वाटतो. ताळेबंदात तो कुठे दिसत नाही. पण ब्रोकोलींची सगळी कमाई त्यावरच होती, असं माझं मत आहे. २००५ मध्ये डॅनियल क्रेगचं नाव जाहीर झालं तेव्हा केवढा गदारोळ उठला होता. सोनेरी केसांचा बाँड असतो का, म्हणून रसिकांनी बहिष्काराच्या मोहिमा काढल्या. बार्बराबाई हलल्या नाहीत. आज त्याच क्रेगसाठी लोक हळहळतात. लोकांना विचारून बाँड ठरवला असता तर क्रेग आला नसता, एवढं नक्की. बेझोसच्या त्या प्रश्नाला खाली हजारो उत्तरं आली. त्यांतून एखादा नट निघेलही. पण ते मत मोजणं झालं.

अर्थात ब्रोकोलींना सोवळं ठरवायची गरज नाही. घड्याळं, गाड्या, दारूच्या बाटल्या यांच्या जाहिराती त्यांनीच सिनेमात घुसवल्या. ‘थंडरबॉल’च्या कथेवर हक्क सांगणाऱ्या केव्हिन मॅक्लोरीशी कोर्टकज्जे कित्येक दशकं चालले, १९८३ मध्ये तर एकाच वर्षी दोन बाँड थिएटरात होते, एक ब्रोकोलींचा रॉजर मूर आणि एक विरुद्ध गटाचा शॉन कॉनरी. मॅक्लोरीच्या वारसांशी तडजोड व्हायला २०१३ उजाडलं. पहिल्या कादंबरीचे हक्क तर सुरुवातीपासून भलत्याच हातात गेलेले, ते १९९९ मध्ये सोनीकडून सुटून आले तेव्हा कुठे क्रेगचा पहिला सिनेमा होऊ शकला. आपल्याकडे बांधावरून होतात तसेच हे दावे. एवढ्या दाव्यांतून गेलेला माणूस सही करताना दहादा विचार करतो.

तुलना करायचीच तर जॉर्ज लुकासशी करावी. ३० ऑक्टोबर २०१२ ला डिस्नेने त्याची लुकासफिल्म ४०५ कोटी डॉलरला घेतली, निम्मे रोख आणि निम्मे शेअर. कंपनी त्याच्या एकट्याच्या नावावर. भाऊ नाही, भागीदार नाही, एक सही आणि ‘स्टार वॉर्स’ डिस्नेचं. त्याने पुढच्या तीन भागांचे आराखडेही सोबत दिले होते. डिस्नेने ते बाजूला ठेवले. नंतर एका मुलाखतीत त्याच्या तोंडून जे कडू शब्द निघाले त्याबद्दल त्याला माफी मागावी लागली. आमच्याकडे रान विकलेला म्हातारा रोज संध्याकाळी बांधावर येऊन ‘इथं हरभरा नको टाकू’ म्हणतो, आणि नवा मालक मान डोलावून हरभराच टाकतो, ते मी पाहिलेलं आहे.

आता ‘आपला बाँड गेला’ म्हणणाऱ्यांकडे येतो. त्यांना हसणं सोपं आहे, कारण भुसावळला आम्ही जो बाँड पाहिला तो निम्मा-अर्धाच असायचा. रेल्वेचं गाव, इंग्रजी बोलणारी अँग्लो-इंडियन कुटुंबं एके काळी तिथे भरपूर, म्हणून इंग्रजी सिनेमा यायचा. पण यायचा तो मोठ्या शहरांत झिजून झिजून, मॉर्निंग शोला. पडद्यावर सतत पाऊस पडत असल्यासारख्या रेघा. जिथे रीळ तुटलं तिथे जोडलेलं, त्यामुळे बाँड दारात शिरायचा आणि पुढच्या क्षणी विमानातून उडी मारायचा. मधे काय झालं ते पुढच्या आठवड्यात पाहून आलेला कुणीतरी आपल्या मनाने भरून सांगायचा. संवाद आम्हाला चार आणेही कळत नसत. मागच्या बाकावर बसणारे एक निवृत्त ड्रायव्हरकाका मोठ्याने मराठीत सांगायचे आणि बरंचसं स्वतःचं घालायचे. त्यांच्या बाँडला नागपूर पॅसेंजर उशिरा आल्याचाही राग असे.

उदयपूरला चित्रीकरण झालेला तो मूरचा सिनेमा आला तेव्हा मॉर्निंग शोला मावेना एवढी गर्दी. कबीर बेदी आहे, टेनिसवाला विजय अमृतराज आहे, रिक्षांचा पाठलाग आहे, आणि अमृतराज रॅकेटने गुंडांना बडवतो. आम्ही शिट्ट्या मारल्या. त्यातले हिंदुस्थानावरचे विनोद आज ऐकवत नाहीत. तेव्हा ते आम्हाला कळलेच नव्हते. न कळण्याचेही फायदे असतात.

असा तो बाँड. कबी ब्रोकोलीने भुसावळच्या त्या हॉलमध्ये बसून आपला सिनेमा पाहिला असता तर तो त्याला ओळखू आला नसता. तुटलेलं रीळ, भरलेल्या जागा, ड्रायव्हरकाकांचे संवाद: त्यातलं काहीच डॅन्जॅकच्या कागदात नव्हतं आणि अ‍ॅमेझॉनच्याही नाही. म्हणून ग्रुपवरचा तो ‘आपला’ शब्द मला अगदीच खोटा वाटत नाही. मात्र जो आपला आहे तो विकला गेलेला नाही आणि जो विकला गेला तो आपला नव्हता, हे त्या रडक्या चेहऱ्यांना कोण सांगणार!

योगायोग पाहा. बाँडचा करार जाहीर झाला २० फेब्रुवारीला आणि त्याच अ‍ॅमेझॉन एमजीएमचा, फरहान अख्तर आणि झोया अख्तर यांच्या कंपन्यांनी केलेला, रीमा कागतींचा मालेगाववरचा हिंदी सिनेमा थिएटरांत लागला २८ फेब्रुवारीला. आठ दिवसांचं अंतर. मालेगाव कागदावर नाशिक जिल्ह्यात असेल, पण धुळ्याहून आग्रा रोडने निघालं की बोलीत आणि बाजारात सीमा कुठे येते ते कळत नाही. तिथे व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिरने पंचवीसेक वर्षांपूर्वी पॉवरलूमवर काम करणारी पोरं घेऊन गाजलेल्या सिनेमांच्या नकला काढल्या, आणि शेवटी सुपरमॅनही काढला. काडीपैलवान सुपरमॅन, यंत्रमागाच्या गावातला, घरी शिवलेल्या कपड्यांतला. कुणाला विचारलं नाही, कुणाचा हक्क घेतला नाही. त्यावर फैझा अहमद खान यांनी २००८ मध्ये माहितीपट केला तो जगभर फिरला.

आता हा सुपरमॅन मुळात ज्यांचा, त्या जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी तो १९३८ मध्ये प्रकाशकाला १३० डॉलरला विकला होता. दोघांत मिळून १३०. पुढे आयुष्यभर दोघं कोर्टात खेटे घालत राहिले. कायद्याने सगळं रीतसर केलेल्यांच्या हाती १३० डॉलर, आणि काहीच रीतसर न केलेल्या मालेगावच्या पोरांवर अ‍ॅमेझॉनने सिनेमा काढला. यातून काय शिकायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. चोरीची भलामण करायची नाहीये. पण नासिरभाईंनी वकिलाकडे जाऊन आधी परवानगी मागितली असती, तर आज सांगायला गोष्टच उरली नसती.

आणि फ्लेमिंगने तरी काय केलं होतं? जेम्स बाँड हे नाव त्याने वेस्ट इंडीजच्या पक्ष्यांवरच्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावरून उचललं. फिलाडेल्फियाचा एक खराखुरा पक्षितज्ज्ञ. त्याला न विचारता. साधं, सपक, चटकन विसरावं असं नाव हवं होतं म्हणे. आज त्या सपक नावासाठी कंपन्या वर्षानुवर्षं भांडतात.

आमच्या विहिरीचं पुढे काय झालं ते राहिलंच. धाकटा भाऊ पुण्याला गेला, मी गावात असून नसल्यासारखा, आप्पांना रात्रीचं मळ्यात जाणं होईना. त्यांनी एका वैशाखात त्या आडत्याच्या मुलाला बोलावून पाळी त्याच्या हवाली केली. आठ आणे अजून आमच्या नावावर आहेत, सातबाऱ्यावर नोंद तशीच आहे. पाणी मात्र विचारून घ्यावं लागतं. मुलगा भला आहे, नाही म्हणत नाही. गाळ निघाला, आडवे बोअर झाले, ठिबक आलं, आणि विहिरीला आज पूर्वी कधी नव्हतं एवढं पाणी आहे, हेही सांगायला हवं. आप्पा त्या बाजूला फिरकत नाहीत.

बाँडलाही पाणी येईल. करारानंतर महिनाभरात एमी पास्कल आणि डेव्हिड हेमन हे निर्माते नेमले गेले, जूनमध्ये डेनी विलनव्हसारखा दिग्दर्शक मिळाला. तीन वर्षं जे अडलं होतं ते चार महिन्यांत मार्गी लागलं. सिनेमा कदाचित फर्मास होईल. मग त्याच्यामागून मालिका येतील, खलनायकाच्या लहानपणावर आठ भाग येतील, बाँडच्या साहेबाची सेक्रेटरी मनीपेनी, तिचं स्वतंत्र काहीतरी येईल. ठिबकचं असंच असतं, थेंब थेंब, पण थांबत नाही. बार्बराबाई पाट मोकळा सोडून वाट बघणाऱ्यांतल्या होत्या.

आमच्या पुतण्याला या कशाचंच सोयरसुतक नाही. तो मित्रांबरोबर बोलीभाषेतले छोटे विनोदी व्हिडिओ करून यूट्यूबवर टाकतो आणि त्याला जिल्ह्यात लोक ओळखतात, मला ओळखत नाहीत. त्याला मी एक गंमत सांगितली. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी पुस्तकं मोकळी होतात. आधी ही मुदत ५० होती, १९९२ मध्ये टागोरांसाठी म्हणून वाढवली. फ्लेमिंग ऑगस्ट १९६४ मध्ये गेला. म्हणजे त्याच्या हयातीत छापून आलेल्या बाँड कादंबऱ्या, ‘थंडरबॉल’चं भांडण वगळून, १ जानेवारी २०२५ पासून भारतात मोकळ्या आहेत. अ‍ॅमेझॉनने तो करार केला त्याच्या पन्नास दिवस आधीपासून. इंग्लंडात हीच पुस्तकं मोकळी व्हायला २०३५ उजाडेल. तेव्हा रावेर तालुक्यात कुणी बाँड लेवा बोलीत आणला तर फ्लेमिंगचे वारस काही करू शकत नाहीत.

तो ताठ बसला. मग मी त्याला अटी सांगितल्या. सिनेमातलं काही घ्यायचं नाही. ती धून नाही, बंदुकीच्या नळीतून दिसणारं ते वर्तुळ नाही. नाव आणि ००७ हे ट्रेडमार्क, ते व्हिडिओच्या कव्हरवर मिरवायचे नाहीत. वकील मित्राला विचारल्याशिवाय काही टाकायचं नाही. पुस्तकातलं जे आहे तेवढं घे. पुस्तकातला बाँड सिनेमातल्यासारखा गुळगुळीत नाही. त्याच्या उजव्या गालावर उभी खूण आहे, तो दिवसाला सत्तर सिगारेटी ओढतो आणि उठसूट अंडी खातो.

‘सिगारेटीचं बिडी करू,’ तो म्हणाला. ‘खूण मेकअपची ताई करून देईल. पण अंडी?’

आमच्या घरात अंडं आणायची सोय नाही, हे त्याला आणि मला दोघांनाही ठाऊक. स्वयंपाकघरातून वहिनींनी ऐकलंच होतं. त्या बाहेर येऊन म्हणाल्या, की ते अंड्याचं काय असेल ते मळ्यातल्या खोलीत करा, स्टोव्ह तुमचा तुम्ही घ्या, आणि माझा तवा नेला तर बघा. पुतण्याने वहीत लिहून घेतलं: तवा, नवीन. मग थोडा विचार करून खाली लिहिलं, भरीत चालेल का?

मी म्हटलं, भरीत चालेल. पण मिरची लवंगीच हवी.